नॅशनल पार्कात नेलं तरी मुलं कंटाळतात, मग काय करायचं?

प्रश्न : आम्ही कांदिवलीला राहतो. घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ६८ आणि गुडघे दुखतात. महिन्यातला एक रविवार मॉल सोडून झाडाझुडपांत घालवायचा असं ठरवलं आणि दोनदा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो. दोन्ही वेळा पोचायला अकरा वाजले. कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चालत जाऊ म्हणून निघालो आणि निम्म्या रस्त्यातून परत फिरलो. मुलगा कडेवर, मुलगी रुसलेली आणि सासूबाई गेटजवळच्या बाकावर एकट्या. दुसऱ्या खेपेला तर माकडाने डब्याची पिशवीच पळवली. नवरा म्हणतो, यापेक्षा मॉल बरा, तिथे एसी तरी असतो. शिवाय बिबट्याची धास्ती आहेच. आमचं चुकतंय कुठे? आणि पावसाळ्यात जावं की नाही?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : जागा तुम्ही चांगली निवडली आहे. शहराला लागून १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आणि तिथे रिक्षाने जाता येतं, हे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतं. तुमची वेळ चुकली, अंतर चुकलं आणि तिघांच्या तीन वेगवेगळ्या कुवती एकाच कार्यक्रमात कोंबल्या गेल्या.

आधी अंतर बघू. मुख्य गेटपासून कान्हेरी साधारण सहा किलोमीटरवर आहे. रस्ता डांबरी असला तरी शेवटचा टप्पा चढाचा आहे. चार वर्षांचं मूल काड्या उचलत, मुंग्या बघत, मध्येच बसकण मारत चालतं तेव्हा तासाला दीड-दोन किलोमीटरच्या वर जात नाही, आणि दोन-अडीच किलोमीटरनंतर ते थांबतंच. तुम्ही त्याच्याकडून जाऊन-येऊन बारा किलोमीटरची अपेक्षा केलीत, तीही भर उन्हात. मुलगी बिचारी पाच-सहा किलोमीटर सहज चालली असती, पण भावाच्या रडारडीत तिलाही अर्ध्यातून फिरावं लागलं. ती रुसली यात नवल काय?

आता वेळ. आठच्या आत गेटवर असा. पक्ष्यांची खरी वर्दळ नऊ-साडेनऊपर्यंत असते, मग ते सावलीला जातात आणि जंगल गप्प होतं. अकराला डांबर तापलेलं असतं आणि त्याची धग मोठ्या माणसांपेक्षा मुलांना जास्त लागते, कारण त्यांचं तोंड रस्त्याच्या जवळ असतं. शिवाय रविवारी दहानंतर गेटवरची रांग, पार्किंग आणि बसची गर्दी यांतच तासभर जातो. साडेअकराला बाहेर पडून जेवायला घरी, असा बेत ठेवा. दिवसभराची सहल हा प्रकार मुलगा सहा-सात वर्षांचा होईपर्यंत विसरा.

परत फिरायची वेळ घड्याळावर ठरवा, मुलांच्या चेहऱ्यावर नाही. हाताशी तीन तास असतील तर पहिला तास संपला की पाठ फिरवायची, मग कितीही मजा येत असो. जाताना मूल ताजंतवानं असतं. येताना तेच अंतर दुप्पट वेळ खातं, आणि रडारड नेमकी या परतीच्या वाटेवर होते. ते दमलं आहे हे कळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं उशीर झालेला असतो.

येत्या दोन खेपांना कान्हेरीचं नावच काढू नका. गेटच्या आतला पहिला किलोमीटर-दीड किलोमीटर, म्हणजे कृष्णगिरी उपवनाचा भाग, तुमच्या अख्ख्या कुटुंबाला पुरेसा आहे. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर नदी इथूनच वाहते, बसायला जागा आहेत आणि रस्ता बराचसा सपाट आहे. गेटजवळच्या निसर्ग माहिती केंद्रातून सुरुवात केलीत तर मुलांच्या डोक्यात चार नावं पडतात आणि मग ती स्वतःच शोधू लागतात. वनराणी ही छोटी आगगाडी आणि सफारी हा मुलांचा हट्ट असतोच. त्या दिवशी त्या सुरू आहेत का, हे गेटवर आधी विचारा आणि मगच मुलांपुढे नाव काढा.

कान्हेरी तिसऱ्या खेपेला, आणि वर चढताना बसने. सगळ्यांनी सकाळच्या पहिल्या बसपैकी एकीने वर जायचं. स्वतःची गाडी थेट लेण्यांपर्यंत नेता येईल असं धरून चालू नका, नियम बदलत असतात. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, १५ वर्षांखालच्या मुलांना ते नाही. लेणी पाहून झाली की दोन तुकड्या करा. सासूबाई, धाकटा आणि एक मोठं माणूस बसने खाली. मुलगी आणि दुसरं मोठं माणूस रस्त्याने चालत खाली. उताराचे सहा किलोमीटर नऊ वर्षांच्या मुलीला दीड-दोन तासांत जमतात, आणि आई किंवा बाबा एकटीच्या वाट्याला आल्याचा आनंद वेगळाच. फक्त भेटायची जागा आणि वेळ वरच ठरवून घ्या. मधल्या रस्त्यावर फोनला रेंज मिळेलच असं नाही. स्वच्छतागृहाचंही तसंच, मधल्या रस्त्यावर भरवसा ठेवू नका. निघायच्या आधी सगळ्यांनी जाऊन यायचं, ‘मला नाही लागली’ म्हणणाऱ्यानेसुद्धा.

सासूबाईंना कान्हेरी झेपेल का, असं तुमच्या मनात आलं असेल. सगळी झेपणार नाही, आणि गरजही नाही. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत, पण सगळ्यात देखणं तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह सुरुवातीलाच, थोड्या पायऱ्यांवर आहे. व्हरांड्यात दोन्ही अंगांना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती आहेत, आणि दर्शनी भिंतीवर दान देणाऱ्या जोडप्यांची शिल्पं. त्यांचे दागिने आणि फेटे बघण्यात सासूबाई आणि नात दोघींचा अर्धा तास सहज जाईल. आतले खांब धाकट्याला मोजायला लावा, ३४ भरतात. गुडघ्यांसाठी एक साधा नियम पाठ करून ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबर टेकवायची. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जो जास्त दुखतो तो दुखरा धरा. गुडघ्यावर जास्त भार उतरताना येतो, म्हणून ‘चढले म्हणजे उतरेनच’ हा हिशेब चुकतो. तिसऱ्या लेण्याच्या वर त्यांनी जाऊ नये.

मुलीला घेऊन मात्र वर जा आणि तिला पाण्याचा माग काढायला लावा. ही लेणी म्हणजे भिक्षूंची वस्ती होती आणि त्यांचं सगळं पाणी पावसाचं. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहे, तिला पोढी म्हणतात. माथ्यावरचं पाणी पोढीत पडावं म्हणून खडकात बोटभर ते वीतभर रुंदीच्या पन्हळी खोदल्या आहेत. एखादी पन्हळ सापडली की बोट फिरवत तिच्या मागे जायचं, ती कुठल्या पोढीत उतरते ते बघायचं. काही ठिकाणी दोन पन्हळी एकत्र येतात, काही मध्येच झिजून गेल्यात. दोन हजार वर्षांपूर्वीचं प्लंबिंग हाताला लागतं आणि इतिहासाच्या पुस्तकात नसलेली गोष्ट कळते. पोढीच्या काठाशी मुलांचा दंड धरून ठेवा. पाणी खोल असू शकतं आणि कड गुळगुळीत असते. ते पाणी प्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

धाकट्यासाठी दुसरी गंमत आहे, तीही पावसाळा सोडून. छताखालच्या किंवा झाडाच्या बुंध्याजवळच्या कोरड्या, मऊ धुळीत नाण्याएवढे, नरसाळ्यासारखे उतरते खड्डे दिसतात. ते अँटलायन नावाच्या कीटकाच्या अळीचे सापळे. अळी तळाशी धुळीत बुडून बसते, फक्त जबडा वर. मुंगी कडेवरून घसरली की खालून धुळीचा मारा करून ती तिला आणखी खाली पाडते. गवताच्या काडीच्या टोकाने कडेची चार कणभर धूळ खाली पाडा, तळातून लगेच फवारा उडतो. मुलाला हे उकिडवं बसून वीस मिनिटं बघता येतं. त्याला ‘चल, पुढे अजून खूप बघायचंय’ म्हणून उठवू नका, त्याच्यासाठी सहल तीच आहे.

माकडांचं सांगते. पिशवी पळवली यात तुमची एकच चूक, ती हातात लोंबत होती. हातातली पिशवी, त्यातही कुरकुरणारी प्लास्टिकची, म्हणजे खाऊ हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि ते त्यांना शिकवलं आपणच. खाणं स्टीलच्या डब्यात, डबा चेन लावलेल्या पाठीवरच्या सॅकमध्ये. केळी आणि चिप्स आणूच नका. दशम्या, धपाटे, गुळपोळी, चिक्की चालेल. आणि खायचं ते उपवनाच्या भागात माकडं आसपास नसताना, कान्हेरीच्या पायऱ्यांवर नाही. माकड जवळ आलंच तर डोळ्याला डोळा भिडवू नका आणि दात दाखवून हसू नका. ते त्याला आव्हान वाटतं. सॅकला हात घातला तर ओढाताण न करता सोडून द्या. चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारायचं. ‘थोडंसंच लागलंय’ म्हणून थांबायचं नाही. हळद-चुना भरू नका.

आता बिबट्या. या जंगलात बिबटे आहेत आणि राहणारच. त्यांची हालचाल मुख्यतः संध्याकाळनंतर आणि पहाटे असते, त्यामुळे सकाळी आठ ते अकरा, माणसांची ये-जा असलेल्या रस्त्यावर, घोळक्याने चालणाऱ्यांनी धसका घ्यायचं कारण नाही. काही गोष्टी मात्र पाळायच्या. मूल घोळक्याच्या मध्ये, सगळ्यांत पुढे किंवा रेंगाळत मागे नाही. शू करायला झुडपामागे एकटं सोडायचं नाही, कारण एकटं, खाली बसलेलं लहान मूल बिबट्याला छोट्या जनावरासारखं दिसतं. समोर दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही. धाकट्याला खांद्यावर उचलून घ्यायचं, सगळ्यांनी एकत्र उभं राहून मोठ्याने बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरायचं. फोटोसाठी थांबणारा काका प्रत्येक कुटुंबात एक असतो, त्याला घरीच समज द्या. आणि उरलेलं अन्न टाकू नका. उष्ट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबटे.

मुख्य रस्ता सोडून पायवाटेला लागायचं तर ते आपल्या मनाने नाही. शिलोंढ्यासारख्या निसर्गवाटा उद्यानाच्या परवानगीने, आधी नोंदणी करून आणि मार्गदर्शकाबरोबरच करायच्या असतात. ती वाट मुलीला आणि तुमच्यापैकी एकाला सुंदर. चार वर्षांच्या मुलाला नेऊ नका, तीन-चार तासांत मधून परत फिरायची सोय नसते.

पावसाळ्यात जावं का? जावं, पण भुरभुर पावसाच्या दिवशी आणि डांबरी रस्त्यावर. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घरी भजी तळा. कान्हेरीच्या पायऱ्यांवर आणि कातळावर शेवाळ धरतं. ओल्या शेवाळावर कुठलाच बूट टिकत नाही, म्हणून सासूबाईंना जून ते सप्टेंबर लेणी वर्ज्य. दरीतल्या ओढ्यात उतरून बसणाऱ्यांची गर्दी दिसेल, त्यात सामील होऊ नका. वर डोंगरावर पडलेला पाऊस तुम्हाला दिसत नाही, पाणी मात्र काही मिनिटांत गुडघ्याएवढं वाढतं. ते गढूळ व्हायला लागलं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या की तो इशारा असतो. जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. मुलांना मागे पट्टा असलेल्या रबरी सोलच्या सँडल, आणि घरून निघताना प्रत्येकाचा एक कोरडा जोड.

वर्षातला खरा मौसम लोक चुकवतात. दसऱ्याच्या आगेमागे उकाडा असतो हे खरं, पण फुलपाखरं आणि कोळी यांचे हे दिवस. ब्लू मॉरमॉन म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, हाताच्या पंजाएवढं, काळं आणि निळं, तेव्हा रस्त्यावरूनच दिसतं. दोन झाडांच्या मध्ये मीटरभर पसरलेलं सोनेरी झाक असलेलं जाळं दिसलं तर मध्यावर बसलेली ती जायंट वुड स्पायडरची मादी. जरा निरखून बघा, तिच्याच जाळ्यावर नखाएवढा लालसर नर सापडतो. मुलीला शोधायला लावा. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांनाच सोयीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. अशा एका झाडाखाली पंधरा मिनिटं नुसतं बसलात तर मधासाठी येणारे पक्षी मोजून होत नाहीत, आणि सासूबाईंना त्यासाठी पाऊलही चालावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये जाऊच नका, गेलात तर नऊला बाहेर.

हिवाळ्यात एका गोष्टीपासून जपा, खाजकुइली. चिंचेच्या बोटकासारख्या वाकड्या, तपकिरी मखमली शेंगा वेलीवर लोंबतात आणि मुलांना हात लावावासा वाटतोच. लव अंगाला लागली की आग-आग होते. खाजवायचं नाही, चोळायचं नाही आणि पहिल्यांदा पाणीही नाही. त्याने लव पसरते. रुंद चिकटपट्टी त्वचेवर दाबून उपटायची, दर वेळी नवा तुकडा, मग साबण-पाणी. ते कपडे वेगळे धुवा. सॅकमध्ये चिकटपट्टीचं एक रीळ कायम असू द्या. गवतात शिरायचं असेल तर पूर्ण पँट आणि मोजे तिच्यावरून ओढलेले, म्हणजे गोचीडही चढत नाही. घरी आल्यावर मुलांच्या कानामागे आणि काखेत एकदा बघा.

पाणी घरून न्या. तीन तासांसाठी मोठ्यांना प्रत्येकी एक लिटर, मुलांना अर्धा ते पाऊण, उकाड्यात दीडपट. एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबाचं किंवा कोकमाचं सरबत. तहान लागल्यावर नाही, दर अर्ध्या तासाने दोन घोट. मूल चिडचिड करू लागलं की आपण खाऊ देतो, पण निम्म्या वेळा त्याला पाणीच हवं असतं.

दर महिन्याला एकच जागा नको असेल तर सासूबाईंसाठी सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे शीव आणि माहीमच्या मध्ये, धारावी बस डेपोसमोरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकरांची ही जागा पूर्वी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होती, हे मुलांना आत शिरताना सांगा आणि मग झाडं दाखवा. वाटा सपाट आणि सावलीच्या. हिवाळ्यात ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. त्यांच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, तेव्हा आधी नोंदणी करूनच जा; रविवारी ‘जाऊन बघू’ असं करणाऱ्यांना बहुधा किनाऱ्यावरूनच परतावं लागतं.

नवऱ्याच्या एसीला आमच्याकडे उत्तर नाही. पण सकाळी आठचा बेत मान्य केला तर मॅच बघायला दुपार मोकळी मिळते, हा मुद्दा मांडून पाहा. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आणि रुग्णवाहिका १०८, हे दोन्ही नंबर निघायच्या आधी सगळ्यांच्या फोनमध्ये असू देत. आणि नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवारला जोडून सुटी आली आणि गर्दी टाळायला तुम्ही सोमवारचा बेत आखलात, तर आदल्या दिवशी चौकशी करून मगच डबे भरा.